चार बोटांची जागा

संध्याकाळची कसारा लोकल. बाकावर तिघे बसलेले, समोर एक जण दादरपासून उभा, एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात वरच्या कडीला. बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "सरका जरा." तिघेही चार-चार बोटं आत सरकतात आणि बाकाच्या टोकाला चौथी सीट तयार होते. तिच्यावर धड बसताही येत नाही. अर्धं अंग बाहेर, एक पाय वाटेत, येणाऱ्या-जाणाऱ्याची पिशवी गुडघ्याला लागणारच. रेल्वेच्या लेखी ही सीट नाहीच, आणि ती मागण्याचा हक्कही कुणाला नाही. तरी रोज ती हजारो बाकांवर तयार होते.

उभ्या माणसाला उतरायचं आहे उंबरमाळीला. खर्डी आणि कसारा यांच्यामधलं हे छोटं स्टेशन, सीएसएमटीपासून शंभर किलोमीटरहून अधिक लांब. गाडीत दोन तासांच्या वर वेळ जातो, आणि उतरल्यावर पाड्यापर्यंतची पायपीट वेगळीच. अशा माणसाला ठाण्यापासून पुढे टेकायला जागा मिळाली, तर घरी पोचल्यावर त्याच्या अंगात पोरांशी चार शब्द बोलण्याइतकं त्राण उरतं. सरकून जागा देणाऱ्याच्या मात्र हे ध्यानीमनीही नसतं. त्याच्या लेखी त्याने चार बोटं जागा दिली, एवढंच.

देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मापात पडणारा हा फरक मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. छोट्या चांगुलपणाने जग बदलतं, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते खरं आहे का, असेल तर कशामुळे, हे विचारायचं राहूनच जातं. मानसशास्त्रज्ञांनी ते विचारलं आहे, आणि त्यांच्या हाती लागलेल्या गोष्टी समजून घेण्याजोग्या आहेत.

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक प्रयोग शिकागोच्या एका बागेत, बर्फावर घसरत खेळण्याच्या मैदानाशेजारी झाला. कडाक्याची थंडी. संशोधकांनी काही लोकांना गरम चॉकलेटचा पेला दिला आणि सांगितलं, हा तुम्हीच प्या किंवा इथल्या कुणा अनोळखी माणसाला द्या. ज्यांनी तो दुसऱ्याला दिला त्यांना विचारलं, समोरच्याला हे किती मोठं वाटलं असेल? मग घेणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारला. देणाऱ्यांचा अंदाज सरासरीने कमी पडला. देणारा वस्तूकडे बघत होता: एक पेला, त्याची किंमत ती किती! घेणाऱ्याला मात्र वस्तूबरोबर आणखी काहीतरी पोचत होतं. या गर्दीत कुणीतरी आपल्याकडे बघितलं, आपला विचार केला. ही ऊब देणाऱ्याच्या हिशेबात येतच नव्हती.

याच अभ्यासात पुढे आणखी एक प्रयोग आहे. काही लोकांना एक भेटवस्तू मिळाली. काहींना सांगितलं की ती संशोधकांनी दिली आहे, काहींना सांगितलं की ती दुसऱ्या एका अनोळखी माणसाने तुमच्यासाठी दिली. नंतर या सगळ्यांना शंभर डॉलर स्वतः आणि तिसराच कुणी अनोळखी माणूस यांच्यात वाटायला सांगितले. ज्यांना संशोधकांकडून वस्तू मिळाली होती, त्यांनी त्या तिसऱ्याला सरासरी सुमारे ४१ डॉलर दिले. माणसाच्या चांगुलपणातून ज्यांना ती मिळाली होती, त्यांनी सुमारे ४८ दिले. वस्तू तीच, पण कुणीतरी आपण होऊन दिली एवढ्या जाणिवेने माणसाचा हात थोडा सैल झाला. तो ज्याच्यासाठी सैल झाला त्याचा मूळ देणाऱ्याशी काहीही संबंध नव्हता.

जेम्स फाउलर आणि निकोलस ख्रिस्ताकिस यांनी २०१० मध्ये हीच वाट आणखी पुढे तपासली. एका खेळात अनोळखी माणसांचे चौघाचौघांचे गट होते. प्रत्येकाने आपल्याकडच्या रकमेतून किती रक्कम सामाईक पेटीत टाकायची ते ठरवायचं. प्रत्येक फेरीनंतर गट बदलायचे, एकदा भेटलेला माणूस पुन्हा भेटायचा नाही. म्हणजे आज मी दिलं तर उद्या तो मला देईल, ही सोयच नाही. तरीही एकाने सढळ हाताने टाकलं की त्याच्या गटातले लोक पुढच्या फेरीत, वेगळ्या माणसांमध्ये, जास्त टाकत. त्या वेगळ्या माणसांवर त्याचा परिणाम होई, आणि मग त्यांच्याही पुढच्यांवर. तिसऱ्या माणसापर्यंत ही लाट दिसत होती. पण हात आखडता घेणंही तसंच पसरत होतं, हेही त्यांनी नोंदवलं आहे. प्रयोगशाळेतला खेळ म्हणजे अख्खं जगणं नव्हे, हे मला मान्य आहे. पण एकाच्या वागण्याचे पडसाद त्याला कधीच न भेटणाऱ्या माणसापर्यंत जातात, याचा इतका नेटका पुरावा क्वचितच मिळतो.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल आणि एक वेगळीही. ओळखीची म्हणजे सावड. पाऊस लागला की भाताच्या आवणीची घाई होते. राबातली रोपं काढायची, चिखलणी करायची, वाफ्यात लावायची, आणि हे सगळं मोजक्या दिवसांत. मजूर लावायला पैसे नसतात, म्हणून आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. घाटमाथ्यावर जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांत भातखाचरं बांधण्यासाठी अशीच पडकई चालते. या प्रथांनी डोंगरातली शेती टिकवली. पण सावडीत हिशेब असतो. माझ्याकडे दोन माणसं दोन दिवस आली, तर मीही तितकं फेडायचं, आणि ते योग्यच आहे. लोकलमधल्या चार बोटांची परतफेड मात्र त्याच माणसाला करता येत नाही, ती दुसऱ्याच कुणाला तरी होते. सावडीने गाव बांधलं जातं. बिनहिशेबाची मदत गावाबाहेर जाते, अनोळखी माणसापर्यंत. जग म्हणतात ते अनोळखी माणसांनीच बनलेलं असल्यामुळे या दुसऱ्या प्रकाराला इतकं मोल आहे.

मग सगळेच सदासर्वदा मदत का करत नाहीत? माणसं वाईट असतात म्हणून, हे सोपं उत्तर झालं. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वेगळं उत्तर देतो. त्यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना निवडलं, म्हणजे पुढे ज्यांना लोकांना दयेचा उपदेश करायचा आहे असेच तरुण. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय तर बायबलमधली, रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात बसवलेला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय, पळा, असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. डोक्यात कोणता विषय घोळतोय याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-नाशिक महामार्गाने हे उलट बाजूने दाखवलं. मुंबई, ठाणे, भिवंडीतून हजारो मजूर कुटुंबं पायी निघाली. पडघा, आसनगाव, शहापूर, खर्डी, कसारा घाट, पुढे नाशिक आणि मग उत्तरेकडे. एप्रिल-मेचं ऊन, डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं. एरवी गाड्या सुसाट जातात त्या रस्त्याच्या कडेला गावकऱ्यांनी आणि अनेक गटांनी पाणी ठेवलं, खिचडी शिजवली, बिस्किटं वाटली, चपला दिल्या. रस्त्याकडेची माणसं स्वतः काही सुखात नव्हती, त्यांचीही मजुरी बुडालेली होती. पण घाई थांबली होती, आणि समोरून चालणारा माणूस नजरेस पडत होता. तापलेल्या डांबरावर अनवाणी चालणाऱ्याला चपलांचा जोड मिळणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत ज्यांनी दिला त्यांना कदाचित अजूनही पूर्ण कळलं नसेल.

घाईखेरीज दुसरा अडसर भीतीचा. याच महामार्गावर, विशेषतः कसारा घाटात, अपघात होतात. जखमीला उचलावं असं अनेकांना वाटतं, पण पोलिसांचा ससेमिरा, साक्षीच्या तारखा, रुग्णालयात कुणी पैसे भरायला लावेल का, या विचाराने पाय अडखळतात. ही भीती दूर करणारा कायदा आता आहे आणि तो प्रत्येकाला माहीत हवा. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याने ठरवायचं. मदत करणाऱ्याला अडवून त्याच्याकडून उपचाराचे पैसे मागता येत नाहीत. चांगुलपणा मनात असून भागत नाही, त्याला मोकळी वाटही लागते. ही वाट कायद्याने करून दिली आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर, एसटी स्थानकावर, रिक्षा थांब्यावर हे चार ओळींत लिहून लावलं, तर एखाद्याचा जीव वाचू शकतो.

पण अशा मदतीची एक मर्यादाही इथे स्पष्ट सांगायलाच हवी. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, बायकांना हंडे घेऊन डोंगर उतरावे लागतात. शेजारणीने म्हाताऱ्या बाईचा हंडा भरून आणला, तर त्या कृतीपुढे हात जोडावेत. पण त्या म्हाताऱ्या बाईला नळ हवा आहे, आणि तो तिचा हक्क आहे. दयेने हक्काची भरपाई होत नाही. छोट्या मदतीचं कौतुक करताना हे विसरलं, तर आपण त्या बाईवर अन्याय करतो.

मग छोटी गोष्ट मोठी कधी होते? माझ्या मते, तिला रोजची सवय आणि साधीशी व्यवस्था मिळाली की. महाराष्ट्राने हे फार पूर्वी करून दाखवलं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी एक पैसा मागायचा, त्यातून देशी उद्योग उभा करायचा. त्या पैशांतून तळेगाव दाभाडेला १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी मुष्टिफंड सुरू केला. घरोघरच्या बायकांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं. मूठभर ज्वारीने घरातलं कुणी उपाशी राहत नाही. पण अनेक घरांच्या मुठी एकत्र आल्या की सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीला बसून जेवतात आणि शिकतात. मूठ देणाऱ्या बाईला स्वतःला बहुधा वाचता येत नव्हतं. तिच्या मुठीतून शिकलेली मुलं मात्र पुढे शिक्षक झाली, अधिकारी झाली.

अशीच एक व्यवस्था मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी आपल्याच काळात उभी राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गावात शिवजयंती साजरी होत होती, बायका एकत्र बसून पोथी वाचत होत्या. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही असं वाचता आलं असतं तर! असं वाक्य आपल्या घरातही कुणी आजी बोलून जाते. आपण हसून "आता काय करायचंय शिकून" म्हणतो आणि विषय संपतो. फांगण्याच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी तो संपू दिला नाही. त्यांनी ते बोलणं खरं मानलं. मोतीराम गणपत दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाट्या, दप्तरं आणि गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी साड्या दिल्या. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी सुमारे तीस, वय साठ ते नव्वद. शिकवायला गावातलीच एक सून. तिच्या वर्गात तिची सासूही होती.

शाळेची वेळ दुपारी दोन ते चार. ही वेळ बघितली की शाळा काढणाऱ्यांना या बायकांचा दिवस माहीत होता हे कळतं. सकाळी घरचं, शेतावरचं काम आटोपलेलं, संध्याकाळची चूल पेटायला अवकाश. मग प्रार्थना, मुळाक्षरं, अंक, कविता. कुणाला दिसायला कमी, कुणाला ऐकायला कमी, कुणाचे गुडघे वळत नाहीत. विळा धरून घट्टे पडलेल्या बोटांना पाटीवरची पेन्सिल सुरुवातीला धरताच येत नाही. ती निसटते, अक्षर पाटीभर पसरतं, बाई हात धरून पुन्हा गिरवून घेतात. घरी गेल्यावर नातवंडं अभ्यास घेतात. ज्या नातवाला आजीने हाताला धरून शाळेत सोडलं, तोच आता तिला "आजी, हे चुकलं" म्हणून दाखवतो. प्रत्येक विद्यार्थिनीने एक रोप लावलं, त्यावर तिच्या नावाची पाटी, आणि ते जगवण्याची जबाबदारी तिची.

गुलाबी साडीचा विचार मी नेहमी करते. या वर्गात विधवा बायकाही होत्या, आणि नवऱ्यामागे बाईने ठळक रंग नेसायचा नाही ही रीत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. सगळ्यांना एकच गुलाबी नऊवारी मिळाल्यावर कोण सवाष्ण, कोण विधवा, हा भेद वर्गात उरलाच नाही. साडी देताना हे कुणी किती योजलं होतं, ठाऊक नाही. पण गरम चॉकलेटच्या पेल्याबद्दल जे दिसलं तेच इथेही आहे: देणाऱ्याने गणवेश दिला, घेणारीपर्यंत त्याहून कितीतरी जास्त पोचलं.

अक्षरओळखीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना बँकेची खिडकी उत्तर देते. निराधार योजनेचे पैसे काढायला गेल्यावर आयुष्यभर अंगठा उठवणारी बाई स्वतःचं नाव लिहू लागली. अंगठा पुसायला कागद शोधावा लागत नाही, रक्कम किती ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत नाही, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसासमोर मान खाली जात नाही. पैसे तेवढेच मिळतात, पण ते घेणारी बाई आता वेगळी असते.

फांगण्याची बातमी देशाबाहेर गेली, पत्रकार आले, छायाचित्रं निघाली. त्याचा आनंद आहेच. पण शाळा उभी राहायला काय काय लागलं, ते पुन्हा मोजून बघावं. एका शिक्षकाने नीट ऐकलेलं एक वाक्य. तीसएक पाट्या आणि साड्या. सावलीची जागा. दुपारचे दोन तास देणारी एक सून. नातवंडांचा उत्साह. यातली एकही गोष्ट उंबरमाळीच्या, खर्डीच्या, टोकावड्याच्या परिसरात दुर्मीळ नाही. २०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्र सरकारचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षर माणसांना शिकवण्याचा हा कार्यक्रम चालतो तो मानधन न घेणाऱ्या स्वयंसेवकांवर. नोंदणी जवळच्या शाळेत होते. दहावी-बारावी होऊन घरी असलेली पोर, निवृत्त गुरुजी, सुट्टीच्या दिवशी मोकळा असलेला लोकलचा प्रवासी, कुणीही शिकवू शकतं. शिकणारी आजी बहुधा शेजारच्याच घरात असेल, आणि तिने ते वाक्य एकदा तरी बोलून दाखवलेलं असेल.